आमचं अंदमान ‘करून’ झालं!

परवा एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत (म्हणजे बुफेच्या रांगेत हो, पंगती आता कुठे राहिल्या!) शेजारच्या बाई त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या, “केरळ केलं, राजस्थान केलं, मागच्या दिवाळीत अंदमान केलं. आता फक्त बाली राहिलंय करायचं.”

मी हातातलं ताट सांभाळत नुसती ऐकत होते. चौतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे क्रियापद चुकलं की अजून कान टवकारतात. गाव ‘करायचं’ असतं का हो? श्राद्ध करतात, धुणं करतात, हिशेब करतात. म्हणजे जे एकदाचं उरकून टाकायचं असतं ते आपण ‘करतो’. गावाला जायचं असतं, गावात राहायचं असतं, गावच्या माणसांना भेटायचं असतं. पण सध्या सगळा महाराष्ट्र जग ‘करायला’ निघालाय आणि कुठे गेलाच नाहीये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी दुरून बोलत नाही. मीही अंदमान ‘केलेलं’ आहे.

2016 साली आम्ही दोघं एका टूरबरोबर गेलो होतो. सहा रात्री, सात दिवस, चौतीस माणसं. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री गोड. एक दिवस तर पुरणपोळीसुद्धा होती! समुद्र ओलांडून बाराशे किलोमीटर लांब गेलो आणि सोबत आपला महाराष्ट्र डब्यात भरून नेला. या सात दिवसांत अंदमानात राहणाऱ्या एकाही माणसाशी मी चार वाक्यं बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. पाणी मॅनेजर द्यायचा, चहा मॅनेजर द्यायचा, तिकिटं मॅनेजर काढायचा. आमचे हे तेव्हा म्हणाले होते, “आपण बेट बघतोय की बेट आपल्याला बसच्या काचेतून दाखवतायत?” मी हसण्यावारी नेलं.

या सहलीत एक दिवस बाराटांगचा होता. तिथल्या चुनखडीच्या गुहा बघायच्या. पहाटे तीनला उठवलं. जिरकाटांगला गाड्यांची लांबच लांब रांग लागते, फॉर्म भरतात, मग पोलिसांच्या पहाऱ्यात सगळ्या गाड्या एकदम सुटतात. कारण पुढचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही खायला द्यायचं नाही, असे फलक लावलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि गाडी जंगलात शिरल्यावर जे सुरू झालं ते आठवलं की आजही मला लाज वाटते. “दिसले का? कुठे? तुमच्या बाजूला बघा हं!” थेट ताडोबाच्या जंगलात वाघ शोधतात तसं. आणि मग एकाने ओरडून सांगितलं, “आला, आला, उजवीकडे!”

रस्त्याच्या कडेला एक बाई आणि एक मुलगा उभा होता. मुलगा साधारण पाचवीच्या वर्गातला वाटावा एवढा. कपाळाला लाल पट्टी. आमच्यातल्या कुणीतरी खिडकीच्या फटीतून बिस्किटाचा पुडा भिरकावला. ड्रायव्हर भडकला, त्याने शिव्या घातल्या. गाडीत दोन मिनिटं शांतता झाली आणि मग पुन्हा गाण्याच्या भेंड्या सुरू.

मी पुडा फेकला नाही. ओरडलेही नाही. पण मी मान वळवली, पुढच्या बाईंच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. चौतीस वर्षांत शेकडो मुलं माझ्या समोर बसली, पण कुठल्याही मुलाकडे मी असं पाहिलं नव्हतं. तो मुलगा आमच्याकडे बघत नव्हता. गाड्या जायची वाट बघत होता.

घरी आल्यावर विचारणाऱ्यांना मी काय सांगितलं असेल? “हो, जारवासुद्धा दिसले!”

असो.

हे 2020 मध्ये गेले. पुढची चारपाच वर्षं घर, दवाखाना, भिशी. पण तो मुलगा काही डोक्यातून जाईना. शेवटी 2025 च्या फेब्रुवारीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, नातवाची कॉलेजची जुनी सॅक पाठीला लावून मी एकटी निघाले. मुलाने नाही म्हणून बघितलं. सुनेने नकाशा मोबाईलमध्ये घालून दिला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “एकट्या? आणि तुम्हाला तिथली भाषा कुठे येते?” आता अंदमानची भाषा काय, हे वहिनींना ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ती हिंदी आहे! बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे आदिवासी, ब्रह्मदेशातून आलेले कारेन, सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. माझी मास्तरणीची हिंदी तिथे मस्त चालली.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालंय. मला जो तो ‘ब्लेअर’च म्हणताना भेटला. अबरडीन बाजारातल्या घंटाघराजवळ एक साधं लॉज घेतलं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “माताजी, साथ में कौन है?” म्हटलं, “कोई नहीं.” त्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुन्हा दाराकडे बघितलं. मागून कुणीतरी सामान घेऊन येत असेल अशी त्याची खात्रीच होती!

तिथेच एका चहाच्या टपरीवर मी रोज सकाळी बसायला लागले. टपरीवाले साधारण माझ्याच वयाचे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “आपका गाँव कौन सा?” ते म्हणाले, “यही. हम लोकल बॉर्न हैं.”

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इतिहासाची शिक्षिका बरं का मी! लोकल बॉर्न म्हणजे इथे शिक्षा भोगायला आणलेल्या कैद्यांची वंशावळ. आपल्याला वाटतं काळं पाणी म्हणजे सेल्युलर जेल. पण सेल्युलर जेलचं बांधकाम 1896 ला सुरू झालं आणि 1906 ला संपलं. कैद्यांची पहिली तुकडी, दोनशे माणसांची, आली ती 1858 च्या मार्च महिन्यात, सत्तावन्नच्या उठावानंतर लगेच. म्हणजे जेल पुरतं बांधून होण्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं इथे काळं पाणी होतंच. या माणसांनी जंगल तोडलं, दलदली बुजवल्या, रस्ते केले. ताप, उपासमार आणि फटके खाऊन ती मेली. पुढे ते जेलही कैद्यांकडूनच बांधून घेतलं गेलं. जी माणसं काही वर्षं नीट वागली त्यांना जमिनीचा तुकडा मिळायचा आणि लग्नाची परवानगी मिळायची. लग्न कुणाशी? तर वेगळ्या तुरुंगात ठेवलेल्या बाई-कैद्यांशी. कुठली जात नि कुठला धर्म! पंजाबचा नवरा, मद्रासकडची बायको. त्यांची मुलं ती लोकल बॉर्न.

टपरीवाले म्हणाले, “हमारे परदादा के बाबा बम्बई इलाके से आये थे. बस इतना मालूम है.” गुन्हा काय होता? “घर में कोई पूछता नहीं था. खून था कि बगावत, किसको पता.” आणि मग मला म्हणाले, “आप तो हिस्ट्री की टीचर हैं. आपकी किताब में हमारा क्या लिखा है?”

मंडळी, मी चहाचा कप खाली ठेवला. चौतीस वर्षं शिकवलेलं डोळ्यासमोर आणलं. माझ्या पुस्तकात अंदमानवर एक ओळ होती, ‘जन्मठेप झालेल्या क्रांतिकारकांना अंदमानला पाठवण्यात येई.’ ही ओळ मी फळ्यावर लिहिली आणि ती परीक्षेत रिकाम्या जागांत विचारली. बम्बई इलाख्यातून आलेल्या त्या माणसासाठी त्या ओळीत जागा नव्हती. मी खरं तेच सांगितलं, “कुछ नहीं लिखा.” ते हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या दिवशी मी पुन्हा सेल्युलर जेलला गेले. एकटी होते, घाई नव्हती, चांगले तीन तास बसले. आपल्याकडच्या सहली येत होत्या, जात होत्या. आल्या की थेट जिना चढून वर, सावरकरांच्या कोठडीपाशी. नमस्कार, फोटो, सागराला उद्देशून लिहिलेली ती कविता सामुदायिक म्हणायची, डोळे पुसायचे आणि वीस मिनिटांत खाली. एक गृहस्थ मुलाला सांगत होते की ती कविता याच कोठडीत लिहिली. नाही हो! ती 1909 ची, इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. तात्याराव अंदमानात आले 4 जुलै 1911 ला.

गैरसमज नको. मीही त्या कोठडीपुढे डोकं टेकवलं. दहा वर्षं ज्या माणसाने तिथे काढली त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण माझा प्रश्न असा आहे की आपण आदर करायला जातो की हजेरी लावायला? त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच जेलमध्ये होते, आधी आले होते. त्यांच्याबद्दल एकाने तरी विचारलं? मधल्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरली आहेत. त्यात बंगालची यादी संपता संपत नाही. 1912 साली इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. उल्हासकर दत्तांना वेड लागलं. 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहनकिशोर नमदास या तिघांचा जीव गेला. मी त्या पाट्यांपुढे पाऊण तास होते. तेवढ्या वेळात एकही मराठी टोपी तिथे थांबली नाही.

आणि हे जेल फक्त इंग्रजांनी वापरलं अशी जी आपली समजूत आहे तीही अर्धीच. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी बेटं घेतली. नेताजींनी 30 डिसेंबर 1943 ला इथे तिरंगा फडकवला, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतर पंधरा दिवसांत, 14 जानेवारी 1944 ला, डॉक्टर दिवाणसिंग या कवी माणसाचा याच जेलमध्ये जपान्यांच्या छळाने अंत झाला. आणि 30 जानेवारीला हम्फ्रीगंजला चव्वेचाळीस हिंदी माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. मी साध्या सरकारी बसने हम्फ्रीगंजला गेले. कंडक्टरने विचारलं, “वहाँ क्या है?” म्हटलं, “आपही बताओ.” तो म्हणाला, “शहीद लोग का जगह है, टूरिस्ट नहीं आता.” स्मारकाशी कुणीच नव्हतं. मी पायरीवर बसून डब्यातली पोळी खाल्ली आणि परतीच्या बसने आले. ‘पॉइंट’ म्हणावा असं तिथे काही नाही. फक्त चव्वेचाळीस माणसं आहेत.

मग सरकारी बोटीने नील बेटावर गेले. दोनेक तास लागतात. 30 डिसेंबर 2018 पासून त्याचं नाव शहीद द्वीप आहे, आणि नाव बदललं याचं मला, एकदाच सांगते, बरं वाटलं. हा नील म्हणजे सत्तावन्नच्या उठावात काशी-अलाहाबादकडे माणसांना झाडांना लटकवत गेलेला इंग्रज सेनाधिकारी. पण बदललेल्या नावाच्या बेटावर माणसं कोण राहतात? साठच्या दशकात पूर्व बंगालच्या निर्वासितांना इथे आणून वसवलं. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चारपाच किलोमीटर. भाजीपाला अमाप.

नील केंद्राच्या बाजारात एका भाजीवालीपाशी बसले. पन्नाशीची असेल. तिने विचारलं, “दीदी, ब्रिज देखा?” म्हणजे लक्ष्मणपूरचा तो नैसर्गिक दगडी पूल, ओहोटीला बघायचा. म्हटलं, देखा. “तुमने?” ती म्हणाली, “बचपन में. अब टाइम किधर?” तिचे सासरे आले तेव्हा जंगल तोडून घर उभं केलं होतं. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते तेव्हा समुद्र खवळला आणि बोटी दोन दिवस बंद. ती किनाऱ्यावर बसून राहिली. ज्या निळ्या पाण्याचे आपण ‘वॉव’ म्हणून फोटो काढतो ते पाणी तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये आहे! हे मला 2016 मध्ये कुणी सांगितलं नव्हतं, कारण 2016 मध्ये त्याच बाजारात आम्हाला फक्त वीस मिनिटं दिली होती, शंखशिंपले घ्यायला.

परत आले तर लॉजवर एक गाडीवाला टपलेलाच. “माताजी, कल बाराटांग? जारवा दिख जायेगा, गॅरंटी.” मी नाही म्हटलं. त्याला वाटलं भाव करतेय, त्याने दोनशे रुपये कमी केले.

आता या रस्त्याचं सांगते. जारवा लोक 1998 च्या सुमारास जंगलातून शांतपणे बाहेर यायला लागले. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या राखीव भागातला हा रस्ता बंद करा असं सांगितलं. रस्ता चालूच राहिला. 2012 साली तिथल्या बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत जगभर गाजली, आपली छी थू झाली. नियम कडक झाले. गाड्या मात्र चालू. मध्य अंदमानातल्या माणसांना दवाखान्याला, कचेरीला यायला तो रस्ता लागतो, हे मला कळतं. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी आपल्याबद्दल बोलतेय. आपल्याला तो रस्ता कशाला लागतो? चुनखडीच्या गुहा बघायला? आपल्या देशात गुहांना काय तोटा आहे! आपल्याला गुहा नको असतात, आपल्याला ‘ते’ दिसायला हवे असतात. जारवा सगळे मिळून काही शेकडा. त्यांच्या अंगणातून रोज गाड्या भरभरून माणसं जातात.

हे पुढे कुठे जातं तेही तिथेच दिसतं. मरीना पार्कजवळ अबरडीनच्या लढाईचं स्मारक आहे. 17 मे 1859 ला ग्रेट अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या वसाहतीवर चालून आले. त्यांच्यातच राहिलेल्या दूधनाथ तिवारी नावाच्या पळून गेलेल्या कैद्याने आधी जाऊन इंग्रजांना खबर दिली. तेव्हा हे लोक काही हजार होते. आज पन्नासच्या आसपास आहेत. बंदुकीने मेले त्याहून जास्त बाहेरून आलेल्या रोगांनी मेले. म्हणजे नुसतं जवळ जाणंसुद्धा जीव घेऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, बाई एकट्या फिरल्या म्हणून शहाण्या झाल्या, बाकी सगळे मूर्ख. तसं नाही. एकट्याने फिरणारे सगळे शहाणे असते तर 2018 साली एक अमेरिकन तरुण धर्म सांगायला एकटाच सेंटिनेल बेटावर जाऊन जीव गमावता ना. 2025 च्या मार्चअखेर दुसरा एक अमेरिकन एकटाच तिथे गेला, शीतपेयाचा डबा आणि नारळ ठेवून आला. त्याला अटक झाली. सॅक पाठीला लावली म्हणजे अक्कल येते असं नाही. एकटा माणूससुद्धा बेट ‘करू’ शकतो.

आणि सगळ्यांना एकटं जमत नाही हेही खरं. गुडघे, साखर, बीपी, पैसा. टूरवाल्यांनी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना जग दाखवलं हे मी नाकारत नाही. आमचे हे टूरमुळेच समुद्र बघू शकले. माझं मागणं फार नाही. टूरने जा, टोपी घाला, पुरणपोळी खा. पण बाराटांगच्या दिवशी सांगा, “आम्ही येत नाही.” चार जणांनी सांगितलं तर मॅनेजर ऐकतो, गिऱ्हाईक आहोत आपण! त्या मोकळ्या दिवशी बाजारात बसा. तिथल्या टपरीवर चहा प्या, मॅनेजरचा नको. जेलमध्ये सावरकरांना नमस्कार करून झाला की खाली येऊन त्या पाट्यांवरची दहा नावं मोठ्याने वाचा. आणि समोरच्याला विचारा, तुम्ही इथे कसे आलात? बेटावर प्रत्येकाकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, कारण बेटावर जो तो कुठून तरी आलेला असतो. जे कुठून आलेले नाहीत, त्यांना मात्र त्यांच्या जंगलात राहू द्या.

एवढं सगळं लिहिलं, आता एक कबुली देते आणि थांबते. परतीच्या विमानात सगळं वहीत टिपायला घेतलं. टपरीवाल्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांच्या परदादांच्या बाबांचा इलाखा आठवत होता. आणि पेन थांबलं. नऊ दिवस रोज सकाळी चहा प्याले, आणि त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर अबरडीन बाजारात घंटाघराजवळ बघा. माझा नमस्कार सांगा, आणि नाव विचारून मला कळवा.